डबलबारी भजनासाठी पॉवर ॲम्प कोणता घ्यावा? जाणकारांनी मदत करावी

कणीकपुडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं भजनी मंडळ कुडाळजवळच्या एका गावातलं. देवळात आणि आजूबाजूच्या जत्रांत डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) करतो. बुवा, पेटी, पखवाज, तबला, झांज आणि सहा-सात जणांचा कोरस. समोर एरवी दीडदोनशे माणसं, जत्रेला सातआठशे.

आतापर्यंत देवळाचे चार कर्णे आणि २५० वॉटचं जुनं मशीन यावर भागायचं. मागच्या गणपतीत गावच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून १५ इंची दोन बॉक्स घेऊन दिले. मागच्या पाटीवर लिहिलंय: ८ ओहम, ३५० वॉट आरएमएस, ७०० प्रोग्राम, १४०० पीक, सेन्सिटिव्हिटी ९७ डीबी (डेसिबल). हे बॉक्स जुन्याच मशीनला जोडून वापरतोय. साधा अभंग चालू असतो तोवर ठीक, पण गजर रंगात आला की पखवाजाचा आवाज फाटतो. मी स्वतः पखवाज वाजवतो, डाव्या पुडीला मनासारखी कणीक लावून घुमारा काढावा आणि बॉक्समधून पत्रा बडवल्यासारखं ऐकू यावं, याचा फार त्रास होतो. शिमग्याच्या कार्यक्रमात एका बॉक्सचा ट्वीटरही (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) गेला.

आता नवीन पॉवर ॲम्प (मिक्सरचा आवाज वाढवून बॉक्सना देणारं मशीन) घ्यायचा आहे. बजेट ५०-६० हजार. किती वॉटचा घ्यावा? पुढे आणखी दोन बॉक्स घेतले तर तोच चालेल का? वजनदार जुन्या पद्धतीचा घ्यावा की हल्लीचा हलका? आणि जनरेटरवर कोणता तग धरतो?

विंगेतला

मी वीस वर्षं नाटक आणि ऑर्केस्ट्राचा साउंड करतोय. थोडक्यात उत्तर: ८ ओहमला प्रत्येक चॅनेलला साधारण ४५० ते ७०० वॉट देणारा दोन चॅनेलचा ॲम्प बघा. पाटीवरच्या तीन आकड्यांपैकी आरएमएस म्हणजे बॉक्सला सतत झेपणारी पॉवर, प्रोग्राम म्हणजे गाण्याच्या चढउतारात झेपणारी, पीक म्हणजे क्षणभराची; तो १४०० विसरून जा. ३५० आणि ७०० या दोन आकड्यांच्या मधला ॲम्प योग्य.

आता कारण. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डीबीने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. तुमचा बॉक्स १ वॉटवर १ मीटर अंतरावर ९७ डीबी देतो, हीच त्याची सेन्सिटिव्हिटी. ३५० वॉटवर होतात साधारण १२२. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी होतात. २५ मीटरवरच्या माणसापर्यंत २८ डीबी गळतात, उरतात ९४. दोन बॉक्सचे मिळून ९७. भजन सरासरी ८५ ला ऐकवायचं म्हटलं तरी पखवाजाच्या थापेसाठी १२ डीबी हातात राहतात. तुम्हाला हजारो वॉट लागतच नाहीत.

म्हणूनच बॉक्स घेताना सेन्सिटिव्हिटी आधी बघावी. ९७ ऐवजी १०० डीबीचा बॉक्स म्हणजे ॲम्प फुकटात दुप्पट केल्यासारखं.

तारवाला

ॲम्प सांगण्याआधी एक विचारतो. जुन्या मशीनच्या मागे पट्टीवर ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टर्मिनलं असतील. बॉक्सच्या तारा नेमक्या कुठे जोडल्यात?

दणका

विंगेतला साहेबांच्या मताशी असहमत. उघड्यावर वॉट कमी पडतातच. आमच्या बेंजो पार्टीला आम्ही थेट २००० वॉटचा घेतला. ब्रिज करून (ॲम्पचे दोन्ही चॅनेल एकत्र जोडून) एकेका बॉक्सला द्या, पखवाज छातीवर बसेल.

कणीकपुडी

@तारवाला, देवळात जाऊन बघून आलो. कॉमन आणि १०० व्होल्ट. कर्ण्यांच्या तारा तिथेच होत्या, त्याच काढून बॉक्सना दिल्या. दोन्ही बॉक्स एकत्रच. मशीन फार तापतं, फ्यूज दोनदा गेला. मग वायरमनने जरा मोठा फ्यूज टाकून दिला, तेव्हापासून जात नाही.

तारवाला

थांबा! आजपासून मशीन असं लावू नका. आणि तो मोठा फ्यूज आधी काढा. मशीनच्या मागे छापलेल्या आकड्याचाच टाका. पुढचा बळी फ्यूजऐवजी मशीनचा जाईल, किंवा आग लागेल.

काय होतंय ते सांगतो. १०० व्होल्टची लाइन दूरवर पसरलेल्या कर्ण्यांसाठी असते. प्रत्येक कर्ण्याच्या युनिटला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर असतो, तो १०० व्होल्ट खाली उतरवून युनिटला देतो. २५० वॉटच्या मशीनला त्या टर्मिनलवर ४० ओहमचा भार अपेक्षित आहे (१०० चा वर्ग भागिले २५०). तुम्ही दोन ८ ओहमचे बॉक्स समांतर जोडलेत, म्हणजे ४ ओहम. ओहम जितके कमी तितका भार जड, म्हणजे दहापट जड भार. बैलगाडीला ट्रकचा माल.

नवीन ॲम्प येईल तेव्हा येईल. आज मशीन बंद करून एवढंच करा: १०० व्होल्टवरची तार काढून ४ ओहमच्या टर्मिनलला लावा. कर्णे त्याच वेळी १०० व्होल्टला ठेवू नका, एका वेळी एकच जोडणी.

विंगेतला

@तारवाला, सलाम! मी आकडेमोड करत बसलो आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलात.

@दणका, ब्रिजचा हिशोब करून बघू. ब्रिजमध्ये एक ८ ओहमचा बॉक्स लावला की ॲम्पच्या प्रत्येक चॅनेलला तो ४ ओहमसारखा भासतो. क्राउन कंपनीचा एक्सएलएस १५०२ ॲम्प उदाहरणाला घ्या, ४ ओहमला ५२५ वॉट प्रति चॅनेल. ब्रिज केला की ८ ओहमला १०५०. म्हणजे ३५० वॉटच्या बॉक्सवर तिप्पट. शिवाय दोन बॉक्सना दोन ॲम्प लागले. आणि कोणी चुकून दोन्ही बॉक्स एकाच ब्रिजवर लावले तर प्रत्येक चॅनेलवर २ ओहमचा भार, जो बऱ्याच ॲम्पना ब्रिजमध्ये चालत नाही. ब्रिज एकट्या मोठ्या सबवूफरला शोभतो, भजनाला नको.

दणका

मान्य, आमच्या टॉप बॉक्सचे कोन वर्षाला बदलावे लागतात हे खरं आहे. पण मग "छोटा ॲम्प स्पीकर जाळतो" असं सगळेच साउंडवाले म्हणतात त्याचं काय? ॲम्प क्लिप झाला (ताकद संपून लाटेची टोकं छाटली गेली) की डीसी जातो ना स्पीकरला?

ओहमकार

डीसी जात नाही. ही समजूत आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही पिढ्यानपिढ्या चालत आली होती. लाटेची टोकं छाटली गेली तरी ती लाट वरखाली होतच असते, म्हणजे एसीच. खरं कारण उष्णता. गाण्याबजावण्यात क्षणिक टोकं उंच असतात, सरासरी खूप खाली. टोकं छाटून आणखी आणखी ढकललं की सरासरी वर चढते. २५० वॉटचा ॲम्प पूर्ण क्लिपमध्ये जवळजवळ ५०० वॉटपर्यंत जाऊ शकतो. स्पीकरच्या आतल्या कॉइलला निवायला वेळ मिळत नाही.

ट्वीटर आधी का जातो? पखवाजाचा घुमारा ॲम्पची सगळी ताकद खातो आणि छाटला जातो, पण झांजेचा आवाज त्याच वेळी वाढतच राहतो, वर छाटण्यातून तयार झालेले वरचे सूरही ट्वीटरच्याच वाट्याला येतात. ३५० वॉटच्या बॉक्समध्ये ट्वीटरचा वाटा त्याच्या लहानशा भागाइतकाच असतो. शिमग्यात धागाकर्त्याचं नेमकं हेच झालं असणार.

म्हणून मोठा ॲम्प सुरक्षित आणि छोटा घातक, असं काही नाही. क्लिपचा लाल दिवा सतत पेटतो की नाही एवढं बघा. थापेबरोबर क्षणभर चमकला तर चालेल, पेटूनच राहिला तर मिक्सरवरून खाली या.

स्वरांगी

मी गाते, तांत्रिक बाजू कमी कळते. पण आमच्याकडे ॲम्पचे नॉब निम्म्यावर ठेवतात, म्हणजे निम्मी पॉवर जाते आणि स्पीकर सुरक्षित राहतो. हे बरोबर ना?

ओहमकार

नाही ताई, आणि हा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा आहे. ॲम्पचा नॉब आत येणारा आवाज कमी करतो, ॲम्पची ताकद नाही. नॉब निम्म्यावर असेल आणि मिक्सरवाल्याने फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर ढकलले तर ॲम्प पूर्ण वॉट देणारच. नॉबने संरक्षण होत नाही, लिमिटरने (ठरवलेल्या पातळीवर आवाज अडवणारी सोय) होतं.

विंगेतला

लिमिटर लावायची देशी पद्धत सांगतो. ३५० गुणिले ८ म्हणजे २८००, त्याचं वर्गमूळ ५३. म्हणजे बॉक्सच्या टोकांवर सलग ५३ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. स्पीकर काढून ठेवा, मिक्सरमधून ५० हर्ट्झचा सूर सोडा, ॲम्पच्या आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा, ५३ दिसेपर्यंत वाढवा आणि तिथे प्रोसेसरचा लिमिटर बांधा. साधे मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या आसपासच बिनचूक दाखवतात म्हणून तोच सूर. उघड्या टोकांना हात लावू नका, ५३ व्होल्टचा झटका चांगलाच बसतो.

पखवाज सोडून सगळ्या माइकना १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारी सोय) द्या, आणि एकूण आउटपुटला ४०-४५ च्या खाली कट. त्या खालचं बॉक्समधून नीट ऐकू येत नाही, कोन मात्र उगाच हलतो.

बॅटरीबंद

धागाकर्ते, तुमचे पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) बॉक्स विकून ॲक्टिव्ह घ्या. ॲम्प, लिमिटर, क्रॉसओव्हर सगळं आत, कंपनीनेच जुळवलेलं. १०० व्होल्टसारखी चूक होऊच शकत नाही. माझ्या सुगम संगीताच्या ग्रुपला पाच वर्षं त्रास नाही.

तारवाला

शहरातल्या हॉलला उत्तम. पण जत्रेत प्रत्येक बॉक्सपर्यंत सिग्नलची आणि विजेची अशा दोन तारा न्याव्या लागतात, ओल्या शेतातून २३० व्होल्ट खेचणं मला मान्य नाही. आणि रात्री अकराला आतलं बोर्ड गेलं तर बॉक्सच गेला. पॅसिव्हला ॲम्प बदलला की कार्यक्रम सुरू. शिवाय वर्गणीतून आलेले बॉक्स वर्षभरात विकले तर गावात काय उत्तर देणार?

आणि तार! कोणी तारेबद्दल बोललंच नाही. पंख्याच्या वायरिंगची ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर ओढली तर जाऊन-येऊन ६० मीटर, तिचा रोध दीड ओहमच्या वर. ४ ओहमच्या भाराला जवळपास निम्मी पॉवर पोहोचतच नाही. तुम्ही ॲम्प दुप्पट केलात ते सगळं तारेने खाल्लं. तीच तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली तर साधारण १ डीबीचाच फटका. ॲम्प बॉक्सच्या जवळ ठेवा, मिक्सरची तार लांब न्या. टोकांना स्पीकॉन (स्पीकरच्या तारेचा फिरवून बसणारा प्लग) लावा, उघड्या तारा पिळून जोडणं बंद.

मालवणी_माणूस

काय सांगू तुमका, बुवांचो आवाज कर्ण्यातसूनच बरो लागता असा म्हणणारे म्हातारे आमच्या गावात अजून आसत. बॉक्स लावलो तर विचारतत, "आज आवाज खंय गेलो?"

ओहमकार

@मालवणी_माणूस, त्यांचं अगदीच चूक नाही! कर्ण्याची सेन्सिटिव्हिटी बॉक्सपेक्षा पुष्कळ जास्त, आणि शब्द जिथे कळतात तोच मधला पट्टा तो लांबवर फेकतो. फक्त पखवाजाचा घुमारा त्याला जमत नाही. दोन कर्णे जुन्या मशीनवर लांबच्या लोकांसाठी ठेवले तर वावगं नाही.

फिरता_मंडप

विजेबद्दल लिहितो, कारण तिथे माझं नुकसान झालंय. नगरकडच्या एका यात्रेत तात्पुरती थ्री-फेज जोडणी होती. मध्यरात्रीच्या आधी स्टेजवरचे हॅलोजन एकदम पांढरेफटक तळपले. मला वाटलं, वीज सुधारली. दहा सेकंदांत मिक्सरमधून धूर, मग एक ॲम्प गेला. न्यूट्रलची पिळलेली जोडणी सुटली होती. न्यूट्रल गेला की एका फेजवरच्या सामानाला २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्ट जाऊ शकतात. त्या रात्री गायिका तशाच, माइकविना, तासभर गायल्या. माणसं पुढे सरकून बसली. तो आवाज मला अजून आठवतो.

तेव्हापासून नियम: सामान जोडण्याआधी मल्टीमीटर. फेज-न्यूट्रल २२० ते २४०, न्यूट्रल-अर्थ दोनतीन व्होल्टच्या आत. दिवे अचानक तळपले तर विचार न करता मेन स्विच पाडा. दिव्यांचा आणि साउंडचा जनरेटर जमलं तर वेगळा. आणि हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडू नका; डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा, ते फक्त सिग्नलच्या तारेतली अर्थची जोडणी तोडतं. माइक हातात धरणारा माणूस त्या पिनेच्या भरवशावर उभा असतो.

चालू करताना मिक्सर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी.

विंगेतला

फिरता_मंडप यांचा प्रतिसाद प्रत्येक मंडळाने छापून भिंतीवर लावावा.

वजनाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. जुने क्लास एबी किंवा एच वर्गाचे, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प वीस किलोच्या पुढे. हल्लीचे क्लास डी चार-पाच किलोचे, उष्णता कमी, वीजही कमी खातात, त्यामुळे जनरेटरवर सोपे. जड ॲम्पची बाजू एवढीच की तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. क्लास डीचं बोर्ड बऱ्याचदा बदलावंच लागतं. मी आता हलकाच घेतो, पाठीसाठी. धागाकर्त्यांच्या मापाचं उदाहरण: एक्सएलएस २५०२, ८ ओहमला ४४० वॉट, ४ ओहमला ७७५, आत पीक लिमिटर. उद्या चार बॉक्स झाले तर प्रत्येक चॅनेलवर दोन, ४ ओहम, एकेका बॉक्सला साधारण ३८७. याच आकड्यांचा दुसऱ्या कंपनीचाही बघा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वतः जा, आपला बॉक्स नेऊन लावून ऐका.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय. इथून कोणी 'स्वस्तात मिळाला' म्हणून ॲम्प नेणार असेल तर मागची व्होल्टेजची पाटी वाचा. इथली वीज १२० व्होल्टची. आमच्या एका मित्राने नेलेला ॲम्प गावी २३० वर लावताच गेला. काहींना मागे बदलण्याची सोय असते, काहींना अजिबात नसते.

स्वरांगी

वाचताना एक गोष्ट राहून राहून मनात येतेय. आम्हा गाणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा वॉटची नसतेच. आम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओरडतो. मग साउंडवाला आवाज वाढवतो आणि माइक शिट्टी मारतो. कोरसपुढे किती माइक असतात तुमच्याकडे?

कणीकपुडी

कोरसला चार, बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, तबल्याला दोन, झांजेला एक. अकरा. सगळे चालूच असतात.

विंगेतला

स्वरांगी ताईंनी दुखणं बरोबर पकडलं. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डीबीने कमी होतो. झांजेचा माइक काढाच, ती सगळ्या माइकांत येते. कोरसला दोन पुरे, तिघाचौघांत एक. अकराचे सात-आठ झाले की दीडदोन डीबी फुकटात परत. बॉक्स माइकच्या पुढे, मागे कधीच नाही. आणि बुवांसमोर एक छोटा मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर).

कायद्याचं_बोला

अवांतर वाटेल, पण डबलबारी रात्रीचीच असते म्हणून लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, त्या दिवसांची जिल्ह्याची यादी आधी बघा. सार्वजनिक ठिकाणाच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डीबी जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे तिथे ६५. २००० वॉट घेऊन करणार काय?

दणका

@कायद्याचं_बोला, आमची बारी सातला सुरू होऊन दहाला संपते आता. लोक उलट लवकर येतात, मुलांना घेऊन येतात.

कणीकपुडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल एकादशीचं भजन होतं. फ्यूज मूळ आकड्याचा टाकला, तारा ४ ओहमच्या टर्मिनलला लावल्या, माइक अकराचे सात केले, पखवाज सोडून सगळ्यांना लो-कट दिला. मशीन तेच, बॉक्स तेच.

गजराला मी डाव्या हाताने भीतभीतच थाप मारली. घुमारा आला! फाटला नाही. बुवांनी गाता गाता वळून माझ्याकडे बघितलं. समोर शंभरेक माणसं होती, तेवढ्यांना पुरला. मशीनवर हात ठेवला, कोमट होतं.

जत्रेला हे पुरणार नाही हे कळलं, तेव्हा ४५०-५०० वॉटचा हलका ॲम्प घ्यायचं मंडळाने ठरवलंय. उरलेल्या पैशांत मॉनिटर आणि तार. आमच्या देवळाच्या सभामंडपापासून बॉक्सची जागा डावीकडे १२ मीटर, उजवीकडे १८ मीटर. दोन्ही तारा सारख्याच लांबीच्या घ्याव्यात का?

तारवाला

२.५ च्या जाडीला सहा मीटरचा फरक कानाला कळणार नाही. पण दोन्ही २० मीटरच्या घ्या. अंधारात कुठली कुठे हे शोधावं लागत नाही, आणि पुढच्या जत्रेत जागा बदलतेच. उरलेली तार गुंडाळी करून बॉक्सच्या मागे, पायवाटेवर नको.